तुरळक ठिकाणी

नोव्हेंबरचा तिसरा आठवडा. रात्री साडेनऊला दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ; तासगावजवळ त्याची चार एकर द्राक्षबाग आहे. एरवी फोनवर तो आधी पोराबाळांची चौकशी करतो, मग भावकीतलं एखादं प्रकरण सांगतो आणि ठेवता ठेवता मुद्द्यावर येतो. त्या दिवशी थेट म्हणाला, “बाग फुलोऱ्यात हाय. उद्या पाऊस हाय का न्हाई, तेवढं सांग.”

मी पुण्यात हिशेबनिसाची नोकरी करतो. आभाळाशी माझा संबंध छत्री घ्यायची की नाही, एवढाच. दादाकडेही माझ्यासारखाच मोबाइल आहे. पण लिहिलेलं वाचून अर्थ सांगायचं काम आमच्या घरात पहिल्यापासून माझ्याकडे: सातबारा, बँकेची नोटीस, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर. जेवता जेवता मी अंदाज उघडला. सांगली जिल्ह्यासाठी लिहिलं होतं, ‘तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता.’ मी म्हणालो, “काही नाही रे. तुरळक आहे. झोप निवांत.”

दुसऱ्या दिवशी दुपारी चारनंतर त्याच्या बागेवर पाऊण तास पाऊस पडला. शेजारच्या गावात धूळसुद्धा बसली नाही म्हणे. फुलोऱ्यात घडात पाणी साचलं की गळ होते, कूज लागते आणि मागोमाग डाऊनी हा बुरशीचा रोग येतो. संध्याकाळी दादाचा फोन आला. “पडला बघ,” एवढंच म्हणाला आणि मग मुलीच्या परीक्षेचं विचारत बसला. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

बरेच दिवस मी मनातल्या मनात त्या अंदाजाला बोल लावत होतो. ‘तुरळक’ म्हणजे काय? पडलं तरी आमचं बरोबर, न पडलं तरी बरोबर. हा विनोद तुम्हीही कधीतरी केला असेल. मग एके दिवशी सहज शोधलं तेव्हा कळलं, की ‘तुरळक ठिकाणी’ ही गोलगोल भाषा नाहीच. ते मोजमाप आहे. ज्या भागासाठी अंदाज दिलाय तिथल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस होईल, याला ‘तुरळक ठिकाणी’ म्हणायचं. २६ ते ५० टक्के केंद्रं असतील तर ‘काही ठिकाणी’. पुढच्या दोन पायऱ्या ७५ पर्यंत आणि १०० पर्यंत. ‘जोरदार’ या शब्दालाही असंच माप आहे. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरला जोरदार पाऊस सुरू होतो, ११५.६ ला अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर गेला की अत्यंत जोरदार. वर्षानुवर्षं रेडिओवर ऐकलेले हे शब्द मी विशेषणं समजत होतो आणि ते आकडे होते. पोटापाण्यासाठी आकडे वाचणाऱ्या माणसाला ही गोष्ट फार लागली.

चारातल्या एका ठिकाणी पडू शकतो, असं त्या अंदाजानं सांगितलं होतं. त्याचं ‘नाही’ मी केलं होतं.

हवामानाचा अंदाज शिकायला सुरुवात केली ती अशी. मुलीनं लॅपटॉपवर पायथन, म्हणजे संगणकाला हिशेब सांगायची भाषा, टाकून दिलं आणि “बाबा, काही उडालं तर मला विचारू नका” म्हणून ती हॉस्टेलला निघून गेली. हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर १९०१ पासूनची रोजच्या पावसाची आकडेवारी फुकट मिळते. सगळ्या देशावर पाव पाव अंशाच्या चौकटी आखलेल्या आणि प्रत्येक चौकटीला दिवसाचा एक आकडा. तासगावची चौकट शोधली, नोव्हेंबरचे दिवस वेगळे काढायला गेलो, तर चुकून शेजारपाजारच्या खूप चौकटी एकत्र घेतल्या, त्यात काही समुद्रातल्या आल्या. सरासरी काढली. उत्तर आलं उणे तीनशे काहीतरी. उणे पाऊस! जमिनीतून वर आभाळात गेलेला.

खरं कारण असं, की जिथे मोजणी नाही तिथे -९९९ भरलेलं असतं. म्हणजे ‘इथे काही माहीत नाही’. माणसाच्या डोळ्याला हा आकडा लगेच खटकतो म्हणूनच तो निवडलेला असणार. संगणकाला काहीच खटकत नाही, तो आपला बेरीज करत सुटतो. मी हिशेबातला माणूस; खतावणीत रिकामा रकाना दिसला की तिथे शून्य टाकायची माझी तीस वर्षांची सवय. म्हणून मी काय केलं, सगळ्या -९९९ च्या जागी शून्य घातलं. सरासरी सुरेख आली. चार दिवस त्याच सरासरीवर मी खूश होतो. ‘पाऊस पडला नाही’ आणि ‘कुणी पाहिलं नाही’ या दोन गोष्टी मी एकाच खात्यावर लिहिल्या होत्या, हे ध्यानात यायला पाचवा दिवस उजाडला.

पुढची ठेच तारखेची. आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, मागच्या चोवीस तासांचा, आणि त्याला मोजल्या दिवसाची तारीख लागते. अठरा तारखेला दुपारी चारला पडलेला पाऊस तक्त्यात एकोणीस तारखेला दिसतो. द्राक्षपट्ट्यातला नोव्हेंबरचा पाऊस तर बहुतेक दुपारनंतरचाच. जुने अंदाज आणि हा तक्ता मी शेजारी शेजारी लावले, तेव्हा मला वाटलं, अंदाजवाले सतत एक दिवस आधी बोलतात! मी त्यावर एक ‘शोध’ही लिहून काढला होता, चांगला दीड पानी. त्यात आणखी भर म्हणजे हवेचं गणित मांडणाऱ्या परदेशी प्रारूपांची आकडेवारी ग्रिनिच वेळेत असते, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. तो दीड पानी कागद मी अजून ठेवलाय. घरी कुणी फार कौतुक करायला लागलं की काढून वाचतो.

पण खरी फजिती वायुदाबाची. माझ्या मोबाइलमध्ये वायुदाब मोजायची सोय आहे, हे मला नव्यानंच कळलं होतं. दाब पडला की पाऊस येतो, हे तर शाळेतल्या भूगोलात होतं. एका शनिवारी सकाळी दहाला पाहिलं, ९४८ हेक्टोपास्कल. बाराला थोडा उतरलेला. दोनला आणखी. चारला ९४५. मी बायकोला म्हटलं, गॅलरीतले कपडे काढ. तिनं काढले. आभाळ निळंशार. रविवारी पुन्हा तेच, दहापासून दाब उतरायला लागला, चारला तळाला. पुन्हा कपडे आत. सोमवारी मी ऑफिसातून फोन केला तेव्हा ती म्हणाली, “कपडे बाहेरच राहू देत, तुमचं यंत्र आत घ्या.”

समुद्राला भरती-ओहोटी असते तशी हवेलाही असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सूर्याच्या तापण्यानं सगळं वातावरण दिवसातून दोनदा हेलकावतं. दाब सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला वर जातो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला खाली येतो. थंड देशांत येणारी-जाणारी वादळं इतकी मोठी असतात की हा हेलकावा त्यात बुडून जातो. आपल्या पट्ट्यात तो घड्याळासारखा दिसतो. म्हणून इथले हवामानवाले दुपारच्या चारची तुलना सकाळच्या दहाशी करत नाहीत, कालच्या चारशी करतात. कालच्यापेक्षा आज कमी आणि उद्या त्याहून कमी असं दिसलं, तर कुठेतरी काहीतरी शिजतंय. त्या दिवसापासून मी कुठलाही आकडा पाहिला की आधी विचारतो, हा रोज या वेळेला असाच असतो का?

हा प्रश्न विचारायला लागल्यावर तात्या आठवले. तात्या म्हणजे दादाचे वडील. त्यांना पंचांगातली पावसाची नक्षत्रं पाठ होती आणि प्रत्येकाची एक म्हण. ‘पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा’, ‘पडेल हत्ती तर पडतील भिंती’. मघाची म्हण तर इथे लिहिण्यासारखी नाही, पण ज्यांना माहीत आहे त्यांना आता हसू आलंच असेल. शहरात आल्यावर मी हे सगळं अडगळीत टाकलं होतं. आकडेवारी हाताशी आल्यावर नक्षत्रांच्या तारखा पावसाच्या सरासरीवर ठेवून पाहिल्या आणि जरा वरमलो. ही नक्षत्रं सूर्याची; त्यामुळे इंग्रजी तारखांशी ती जवळजवळ बांधलेली. मृग ७-८ जूनला लागतो, म्हणजे पाऊस आपल्याकडे यायच्या नेमक्या सुमाराला. हस्त सप्टेंबरच्या शेवटी लागतो आणि ऑक्टोबरच्या दहा तारखेपर्यंत चालतो. परतीचा पाऊस गडगडत जातो तो याच दिवसांत. तात्यांच्या तोंडी होती ती अनेक पिढ्यांनी घोटलेली सरासरी. हवामानशास्त्रात कुठल्याही अंदाजाला पहिली झुंज या सरासरीशीच द्यावी लागते. तिच्यापेक्षा बरं सांगता येत नसेल तर बोलूच नये.

नक्षत्राचं वाहन मात्र दरवर्षी बदलतं. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस, असं म्हणतात. म्हणजे सरासरी सोडून यंदाचं सांगायची हिंमत वाहन करतं. मी जुनी पंचांगं जमवून तेही ताडून पाहिलं. माझ्या चौकटीत तरी बेडूक आणि उंदीर यांच्यात फरक सापडला नाही. तात्या असते तर म्हणाले असते, तुझी चौकट चुकली.

आणि चौकट चुकू शकते, हेही खरंच. पाव अंश म्हणजे आपल्या अक्षांशावर साधारण २७ किलोमीटर. महाबळेश्वर आणि वाई यांच्यातलं हवाई अंतर २५ किलोमीटरच्या आसपास. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, वाईला हजारसुद्धा नाही. एवढ्या अंतराच्या एका चौकटीत दोन्ही गावं आली तर जो सरासरी आकडा मिळेल तो ना महाबळेश्वरचा, ना वाईचा. मध्ये कुठेतरी पसरणी घाटात लटकलेला. मुंबईकरांना याहून मोठा दाखला माहीत आहे. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला ७४. दादाच्या बागेवर पडून शेजारच्या गावाला चुकवणारा पाऊस याच जातीचा. आता आपल्याकडे सहा किलोमीटरच्या चौकटीवर अंदाज काढणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ आली आहे. पाषाणच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेनं ती तयार केली आणि २६ मे २०२५ ला ती सुरू झाली. योगायोग असा, की त्याच दिवशी मोसमी पाऊस मुंबईत पोचल्याचं जाहीर झालं, नेहमीच्या ११ जूनच्या दोन आठवडे आधी. सहा किलोमीटर म्हणजे मोठीच मजल. पण दादाची बाग चार एकर आहे.

या दिवसांत ऑफिसला जाताना माझी बस सिमला ऑफिस चौकातून जायची. पुण्यात हे नाव रोज लाखभर लोक घेत असतील. सिमल्याचं ऑफिस शिवाजीनगरात कसं, असं विचारत कुणी नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आलं, म्हणून ते सिमला ऑफिस. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, नाव राहिलं. त्या घड्याळाच्या मनोऱ्याच्या इमारतीशी मी मनात एका माणसाची गाठ बांधून टाकली होती, गिल्बर्ट वॉकरची. प्रत्यक्षात तो इथे बसलाच नाही. १९२४ लाच निवृत्त होऊन गेला.

वॉकर केंब्रिजचा गणिती. हवामानातलं त्याला काही येत नव्हतं आणि १९०४ मध्ये त्याला भारतातल्या सगळ्या वेधशाळांचा प्रमुख केलं. त्याच्या आधीच्यांचं काय झालं होतं, तर १८९९ साली चांगल्या पावसाचा अंदाज दिला गेला आणि दुष्काळ पडला. राजस्थान-गुजरातेत ज्याला अजून ‘छप्पनिया’ म्हणतात तो. वॉकरनं ठरवलं, कारणं राहू देत, आधी जगभरचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहू. कुठला दाब, कुठला पाऊस, कुठला बर्फ कशाबरोबर वरखाली होतो? संगणक नव्हते, कारकुनांच्या हातांनी गुणाकार-भागाकार चालायचे. त्यातून प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या दाबाचा सीसॉ सापडला. एल निनोच्या गोष्टीत आजही तो अर्धा वाटेकरी आहे. मला मात्र वॉकर आवडला तो दुसऱ्या कारणासाठी. इतक्या जोड्या तपासल्या तर त्यातल्या काही निव्वळ योगायोगानं जुळलेल्या दिसणारच, हे त्यानं तेव्हाच ओळखलं होतं आणि त्यासाठी निकष मांडला होता.

माझं नेमकं तिथेच घोडं पेंड खात होतं. मी नोव्हेंबरचा तासगावचा पाऊस घेतला आणि सापडेल त्या प्रत्येक गोष्टीशी जुळवत बसलो. वीसेक जोड्या झाल्यावर एक जुळली. इतकी सुरेख, की रात्री एकला मी मुलीला फोन करणार होतो. मग अर्धी वर्षं झाकून ठेवली, उरलेल्या वर्षांवर नियम बसवला आणि झाकलेल्या वर्षांवर चालवला. नियमाची राख झाली. वीस कवड्या फेकल्यावर एखादी आपल्याला हवी तशी पडतेच, एवढाच त्या शोधाचा अर्थ होता.

मग मी वही घातली. दोनशे पानी, ऑफिसात उरलेली. नियम दोनच: उद्याचा अंदाज आज रात्री झोपायच्या आधी लिहायचा, आणि शाईनं. ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहायचं नाही, टक्के लिहायचे. पहिल्याच महिन्यात कळलं, की मला आधी काहीही माहीत नसतं आणि नंतर सगळं माहीत असतं. पाऊस पडून गेल्यावर ‘मला वाटलंच होतं’ हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज यायचं की मलाही खरं वाटायचं. वही काढली की तिथे १० टक्के लिहिलेलं. वही नसती तर मी आयुष्यभर स्वतःला चांगला अंदाजवाला समजलो असतो. आपल्यातले बहुतेक जण असेच हुशार आहेत, फक्त त्यांच्याकडे वही नाही.

किती वेळा बरोबर आलो, हेही फसवं माप आहे. त्याचा १८८४ चा एक मजेदार किस्सा आहे. अमेरिकेत फिन्ली नावाच्या सैन्यातल्या हवामानवाल्यानं टोर्नेडोचे २८०३ अंदाज दिले आणि त्यातले ९६.६ टक्के बरोबर आले. फार मोठी गोष्ट. मग कुणीतरी दाखवून दिलं, की हा माणूस डोळे मिटून रोज ‘टोर्नेडो नाही’ एवढंच म्हणत राहिला असता तर ९८.२ टक्के बरोबर आला असता. प्रत्यक्षात ५१ टोर्नेडो आले, त्यातले २८ त्यानं सांगितले होते. आमच्या सोसायटीचा वॉचमन जानेवारीभर ‘आज पाऊस नाही साहेब’ म्हणतो, त्याचा निकाल तर शंभर टक्के लागेल.

म्हणून गुण वेगळ्या पद्धतीनं द्यायचे. १९५० मध्ये ब्रायर नावाच्या माणसानं सांगितलेली रीत मला एकदम पटली, कारण ती दंडाच्या हिशेबासारखी आहे. मी ७० टक्के म्हणालो आणि पाऊस पडला, तर १ मधून ०.७ गेले, उरले ०.३; त्याचा वर्ग ०.०९, एवढा दंड. पाऊस पडला नाही तर ०.४९. आणि छातीठोकपणे १०० टक्के म्हणून तोंडावर आपटलो तर पुरा १. या हिशेबात खात्री महाग पडते. वर्षाच्या शेवटी दंडाची बेरीज केली, तर मी तात्यांच्या सरासरीच्याही मागे होतो. म्हणजे रोज रात्री नकाशे, उपग्रहाची चित्रं, वाऱ्याचे बाण पाहून मी जे लिहीत होतो, त्यापेक्षा वर्षभर एकच सरासरी आकडा लिहून झोपलो असतो तर बरं झालं असतं. दुसऱ्या वर्षी जरा पुढे सरकलो, ते नवीन काही शिकून नव्हे. ९० लिहायची खुमखुमी आली की ६० लिहायला लागलो, एवढ्यानं.

मोठी केंद्रंही टक्के काढतात ते थोडं याच नम्रतेनं. आजची हवा कुणालाच पूर्ण मोजता येत नाही. सुरुवातीच्या आकड्यात दशांशापुढे चौथ्या जागी फरक पडला तरी आठ-दहा दिवसांनी सगळं चित्र पालटतं. म्हणून युरोपियन हवामान केंद्र एकच गणित थोड्या थोड्या वेगळ्या सुरुवातींनी ५१ वेळा करतं. ५१ पैकी १५-१६ वाटांवर तासगावला पाऊस निघाला की मी वहीत ३० लिहितो. स्वयंपाकात मीठ अंदाजानं घालतात, तोच हा अंदाज. चाखून घातलेला. भाकीत हा शब्द मी आता ज्योतिषासाठी राखून ठेवलाय.

तर आता दादा. दोन वर्षांनी, पुन्हा नोव्हेंबर, पुन्हा बाग फुलोऱ्यात. या खेपेला मी गावी होतो. रात्री ओसरीवर बसून मी ऐटीत सांगितलं, “दादा, उद्या दुपारनंतर तीस टक्के.” मला वाटलं, आता याला टक्क्यांचा अर्थ समजावून सांगावा लागणार. तो तंबाखू मळत म्हणाला, “लई झालं. मला पाच टक्के असलं तरी औषध मारायचंय.”

मग त्यानं बोटांवर हिशेब मांडला. एका फवारणीला एकरी दोन-अडीच हजार. घड कुजले तर एकरी लाखाच्या पुढचं नुकसान. म्हणजे चाळीस वेळा फुकट फवारलं आणि एकदा वाचलं, तरी बरोबरी. ही मांडणी पुस्तकातही आहे: खर्चाला नुकसानीनं भागायचं आणि जो आकडा येईल त्याच्या वर पावसाची शक्यता गेली की कामाला लागायचं. अडीच हजार भागिले एक लाख, अडीच टक्के. माझे दोन महिने त्या प्रकरणावर गेले होते. दादाची तंबाखू अजून मळून झाली नव्हती.

“मग रोजच का मारत नाहीस?”

“मालात औषध उरतंय, त्या रेसिड्यूला कोण अडकणार? आन् आज मारलं, तासाभरात सर आली, तर सगळं धुऊन जातंय. मला पडंल का न्हाई हे नगंय. किती वाजता पडंल ते सांग. आन् चिखल झाला की फवारायचा ब्लोअर आत जात न्हाई, त्याच्या आदी सांग.”

म्हणजे दोन वर्षं मी ज्या प्रश्नाचं उत्तर सुधारत होतो तो त्याचा प्रश्नच नव्हता. हवामान खात्याच्या हिशेबात २.५ मिलिमीटर पडला तर तो पावसाचा दिवस. मीही वहीत तीच रेघ धरली होती. डाऊनीला अडीच मिलिमीटर लागत नाहीत. पानं रात्रभर ओली राहिली तरी त्याचं भागतं. मी वहीत ‘पाऊस नाही’ लिहून स्वतःला गुण दिले, त्यातल्या कित्येक रात्री दादाच्या लेखी ओल्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे दादानं ब्लोअर जोडला. आणि त्याच सकाळी वहिनीनं अंगणात भुईमुगाच्या शेंगा वाळत टाकल्या. मी म्हटलं, “वहिनी, तीस टक्के आहे.” ती म्हणाली, “असू द्या की. ढग आला की गोळा करंन. पाच मिंटाचं काम.” तिला अंदाजाची गरजच नव्हती, तिच्याकडे डोळे आणि पाटी होती. एकाच घरात, एकाच आकड्यावर, एकानं औषध मारलं आणि एकीनं शेंगा टाकल्या. दोघांचंही बरोबर होतं. पाऊस आला नाही. वहीत मी ‘३०, नाही’ लिहिलं, दंड ०.०९.

जाताना मी त्यांच्या बागेत पर्जन्यमापक बसवून आलो. तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे आत २० मिलिलिटर पाणी जमलं की एक मिलिमीटर पाऊस. शेवग्याचं झाड टाळलं, गोठ्याची भिंत टाळली. मोजायला वेगळं काही घ्यावं लागलं नाही. औषध मोजायचं मापटं प्रत्येक द्राक्षवाल्याच्या घरी असतंच, त्यातलं एक नवंकोरं यासाठी बाजूला काढलं. सकाळी साडेआठला पाणी ओतायचं, वीसनं भागायचं, लिहायचं. हे काम दादाला सांगितलं होतं. दादानं दोन दिवस केलं, तिसऱ्या दिवसापासून वहिनी करते. ती आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते, दुधाच्या लिटरांशेजारी, निळ्या शाईनं, आणि महिना संपला की पानाचा फोटो पाठवते. गॅसची टाकी कधी लावली, भिशीचा हप्ता कधी दिला आणि पाऊस किती पडला, हे सगळं मला एकत्र कळतं. १९०१ पासूनच्या त्या सगळ्या चौकटींपेक्षा हे एक पान मला तासगावचं जास्त सांगतं.

मागच्या ऑक्टोबरचं पान आलं तेव्हा मी रात्री लॅपटॉप उघडून आकडे भरत होतो. शून्य, शून्य, चार, शून्य. मग दोन चौकोन रिकामे. मग अकरा. दूध त्या दोन्ही दिवशी लिहिलेलं होतं, पण दादाच्या अक्षरात. म्हटलं, पाऊस नसेल, लिहायचं राहिलं असेल. हात शून्याच्या बटणापर्यंत गेला होता. तरी फोन लावला.

“त्या दोन दिवशी काही पडलं नाही ना वहिनी?”

“ते मला काय ठावं? म्या म्हाहेरी गेल्ते. बघितलंच न्हाई तर शून्य कसं लिवू?”

“दादाला सांगायचं, तो बघून लिहीत गेला असता.”

“ह्यांनी न बघताच शून्य लिवलं असतं. म्हणून तर मापटं कपाटात घालून गेल्ते,” ती म्हणाली. “आन् ते अकरा तीन दिसांचं मिळून हाय. त्याला गोल केलाय, दिसतोय का?”

मी फोटो मोठा करून पाहिला. अकराभोवती निळ्या शाईचा गोल होता. मी तो सणाचा समजलो होतो.